डॉक्टरांचा हजेरीपट

वर्गात हजेरी घेताना आपण चाळीस-पन्नास नावे वाचतो. समोर बसलेली मुले नाव न घेताही दिसतच असतात. हजेरीपटामुळे कळते ते कोण आलेले नाही हे. आणि ते कळते, कारण सगळ्या मुलांची यादी वर्ष सुरू होतानाच तयार झालेली असते. एखाद्या नावापुढे सलग आठ दिवस गैरहजेरी लागली की आपण चौकशी करतो.

दवाखान्यात काय होते? डॉक्टरांपुढे येतो तो ताप आलेला, पोट दुखणारा, खोकणारा माणूस. पण वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. मधुमेहाची सुरुवात पुष्कळदा कळतही नाही. लशीचा दुसरा डोस राहून गेलेले मूल अंगणात मजेत खेळत असते. ही माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, म्हणून ती डॉक्टरांना दिसत नाहीत. त्यांना शोधायचे तर दवाखान्यालाही हजेरीपट हवा.

खासगी दवाखान्यात संगणक कसा शिरला, याची हकिकत बहुतेक वेळा यंत्रांची हकिकत म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती या हजेरीपटाच्या बाजूने सांगावीशी वाटते. त्यासाठी ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तेथे मोठमोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरांच्या आधी साध्या फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर संगणक आला. असे उलटे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

पाकिटातला माणूस

१९११ साली लॉइड जॉर्ज ब्रिटनचे अर्थमंत्री असताना तेथे राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. त्यानुसार कामगारांना विम्यातून डॉक्टरांची सेवा मिळू लागली आणि प्रत्येक विमाधारकाची नोंद ठेवणे आले. त्यासाठी जाड कागदाचे एक पाकीट वापरात आले. सुमारे सात इंच लांब, पाच इंच रुंद. आत नोंदींची कार्डे, रुग्णालयाची पत्रे, तपासण्यांचे निकाल. लोक त्याला लॉइड जॉर्ज पाकीट म्हणत. माणसाने गाव बदलून दुसऱ्या डॉक्टरकडे नाव नोंदवले की पाकीटही त्याच्यामागून जाई.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. रुग्णालये सरकारकडे आली, पण फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. दवाखान्याची व्यवस्था, मदतनिसांचे पगार आणि जमाखर्च ही त्यांचीच जबाबदारी राहिली. सरकारशी त्यांचा करार असे, आणि यादीत किती माणसे नोंदलेली आहेत यावर उत्पन्नाचा मोठा भाग ठरे. साधारणपणे एका डॉक्टरच्या यादीत दोन-अडीच हजार माणसे असत.

म्हणजे हजेरीपटाची पहिली अट येथे आपोआप पूर्ण झाली होती. आजारी असो वा ठणठणीत, प्रत्येकाचे नाव कोणत्या तरी डॉक्टरच्या यादीत होते. गणिताच्या भाषेत बोलायचे तर अपूर्णांकाचा छेद हाताशी होता. अडचण अंशाची होती. आपल्या अडीच हजारांपैकी मधुमेही किती? चाळिशी ओलांडलेल्या किती जणांचा रक्तदाब गेल्या पाच वर्षांत मोजलाच नाही? याचे उत्तर अडीच हजार पाकिटे उघडून, आतले डॉक्टरी अक्षर लावल्याशिवाय मिळत नसे. पाकिटे नावांच्या क्रमाने लावलेली होती, आजारांच्या क्रमाने नव्हती.

वही, कार्ड आणि सुई

हे अवघड काम काही डॉक्टरांनी हाताने केले. यॉर्कशायरच्या वेन्सलीडेल खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचे डॉक्टर होते. आपल्या खेड्यांतील प्रत्येक साथीच्या रुग्णाची तारीखवार नोंद ते वर्षानुवर्षे ठेवत. १९२९ साली तेथे काविळीची साथ आली, तेव्हा कोण कोणाला केव्हा भेटले होते हे त्यांना नोंदींवरून लावता आले. संसर्ग झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण महिना जातो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९३९ साली त्यांनी या कामावर पुस्तक लिहिले. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. वही आणि चिकाटी एवढेच भांडवल.

पुढे काही दवाखान्यांनी कडेला भोके असलेली कार्डे वापरली. या कार्डाची युक्ती इतकी साधी आहे की ती वर्गात करून दाखवता येते. प्रत्येक माणसाचे एक कार्ड. कार्डाच्या कडेला ओळीने भोके. प्रत्येक भोकाला एक अर्थ दिलेला: हे मधुमेहाचे, हे दम्याचे, हे साठ वर्षांवरील वयाचे. माणसाला मधुमेह असेल तर त्या भोकापासून कडेपर्यंतचा कागद कात्रीने कापून खाच करायची. मग सगळ्या कार्डांचा गठ्ठा नीट जुळवून मधुमेहाच्या भोकातून विणकामाची लांब सुई घालायची आणि गठ्ठा उचलून हलवायचा. ज्यांचे भोक शाबूत आहे ती कार्डे सुईला लटकून राहतात. खाच असलेली खाली पडतात. खाली पडलेले सगळे मधुमेही. तीच कार्डे पुन्हा जुळवून साठ वर्षांच्या भोकातून सुई घातली की साठीवरील मधुमेही वेगळे होतात.

संगणकाला विजेच्या वेगाने जे करता येते, त्याचे मर्म या सुईत आहे. प्रत्येक भोकाला दोनच अवस्था असतात, शाबूत किंवा कापलेले. ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय म्हणजे दुसऱ्यांदा घातलेली सुई. चार भोकांना ८, ४, २, १ अशा किमती दिल्या तर त्या चारांतून ० ते १५ पर्यंतची कोणतीही संख्या लिहिता येते. द्विमान पद्धती समजावून सांगायला याहून स्वस्त साधन आम्हाला माहीत नाही.

एका खाणवस्तीतील मोजणी

दक्षिण वेल्समधील ग्लिनकोरग या कोळसा खाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट १९६१ साली डॉक्टर म्हणून आले. १९६८ साली त्यांनी ठरवले की गावातील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचा. जो दुसऱ्या कामासाठी दवाखान्यात येईल त्याचा तेव्हाच मोजायचा, आणि जो येत नाही त्याला यादीवरून शोधून बोलवायचे. यादीतील शेवटच्या नावापर्यंत ते पोचले आणि १९७० साली त्यांचा अहवाल ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. पुढल्याच वर्षी त्यांनी त्याच नियतकालिकात एक सूत्र मांडले, ते आजही सांगितले जाते: ज्यांना वैद्यकीय सेवेची सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते.

त्या काळी वाढलेल्या रक्तदाबाबद्दल डॉक्टर मंडळींत ‘अर्ध्याचा नियम’ प्रसिद्ध होता. रक्तदाब वाढलेल्यांपैकी निम्म्यांचे निदानच झालेले नसते. निदान झालेल्यांपैकी निम्म्यांना उपचार मिळत नाहीत. उपचार मिळणाऱ्यांपैकी निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही. गुणाकार करून पाहा: आठातील सात जण असुरक्षितच राहतात. ग्लिनकोरगमध्ये पंचवीस वर्षे चाललेल्या या कामाचा ताळेबंद १९९१ साली प्रसिद्ध झाला. गावातील अकाली मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तशाच खाणवस्तीपेक्षा एक चतुर्थांशाहून अधिक कमी होते.

या कामाची सुरुवात कागदावरच झाली, हे आम्ही मुद्दाम सांगतो. प्रश्न आधी होता, यंत्र नंतर आले. पण ट्यूडर हार्ट यांच्यासारखी जिद्द प्रत्येक डॉक्टरकडून कशी अपेक्षावी? सामान्य डॉक्टरला हे काम जमायचे असेल तर ते सोपे व्हायला हवे होते.

टेबलावर यंत्र आले

१९७० साली एक्सेटर शहरातील जॉन प्रीस या डॉक्टरांनी आपल्या तपासणीच्या खोलीत संगणकाचा वापर सुरू केला. असे करणारे ते ब्रिटनमधील पहिले फॅमिली डॉक्टर मानले जातात. १९७० च्या दशकाच्या मध्यावर जवळच्या ऑटरी सेंट मेरी या गावातील आरोग्य केंद्राने पाकिटे बाजूला ठेवून नोंदी थेट संगणकावर घ्यायला सुरुवात केली. टेबलावर होते ते केवळ पडदा व कळफलक. खरा संगणक दूर एक्सेटरला होता. अशा यंत्राचा खर्च एखाद्या दवाखान्याला झेपणारा नव्हता.

लहान संगणक बाजारात आल्यावर चित्र बदलले. १९८२ साली ब्रिटिश सरकारच्या उद्योग खात्याने एक योजना काढली. दीडशे दवाखान्यांना संगणकाची निम्मी किंमत सरकार देणार होते. या यंत्रांची पहिली कामे अगदी घरगुती होती. यादीत नवे नाव घालणे, गेलेले काढणे, आणि जुन्या दुखण्याच्या रुग्णांना दर महिन्याला लागणारी तीच ती औषधाची चिठ्ठी छापून देणे. हाताने अशा चिठ्ठ्या लिहिण्यात दवाखान्याचे कितीतरी तास जात. शिवाय छापील चिठ्ठी औषध दुकानदाराला वाचता येई! आजाराचा अभ्यास वगैरे पुढच्या गोष्टी. डॉक्टरांना यंत्र पटले ते आधी या चिठ्ठ्यांमुळे.

आता दुसरी अडचण उभी राहिली. एक डॉक्टर ‘दमा’ लिहितो, दुसरा ‘श्वासनलिकेचे आकुंचन’, तिसरा नुसतेच ‘धाप’. माणसाला तिन्हींचा अर्थ लागतो. यंत्राला ते तीन वेगळे शब्द वाटतात. त्यातून त्या काळच्या लहान संगणकांची स्मरणशक्ती तुटपुंजी. लफबरो येथील जेम्स रीड या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस यावर उपाय काढला. त्यांनी प्रत्येक आजाराला, लक्षणाला आणि औषधाला एक छोटा संकेत दिला. संकेतातील प्रत्येक पुढचे अक्षर अर्थ अधिक बारीक करते. ‘एच’ म्हणजे श्वसनसंस्थेचे आजार, ‘एच ३’ म्हणजे त्यातील श्वासमार्ग दीर्घकाळ अरुंद करणाऱ्या आजारांचा गट, ‘एच ३३’ म्हणजे दमा. ग्रंथालयातील पुस्तकांच्या दशांश वर्गीकरणाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. ‘एच ३३’ ने सुरू होणारे सगळे संकेत शोध म्हटले की दम्याचे सर्व प्रकार एकत्र येतात. १९९० साली ब्रिटिश सरकारने ही संकेतावली विकत घेतली.

फुकट यंत्र आणि त्याची किंमत

१९८७ साली दोन कंपन्यांनी डॉक्टरांपुढे एक आकर्षक प्रस्ताव ठेवला. संगणक फुकट घ्या. बदल्यात रुग्णांची नावे-पत्ते वगळून त्यांच्या आजारांची व औषधांची माहिती आम्हाला द्या. ही माहिती औषध कंपन्यांना विकून खर्च भरून काढायचा, असा हिशेब होता. शेकडो दवाखान्यांनी यंत्रे घेतली. धंदा म्हणून मात्र हिशेब जमला नाही आणि काही वर्षांतच फुकट यंत्रे देणे बंद झाले.

त्याच सुमारास खरा रेटा सरकारकडून आला. १९९० च्या नव्या करारात डॉक्टरांचे काही उत्पन्न टक्केवारीशी बांधले गेले. यादीतील दोन वर्षांच्या मुलांपैकी ९० टक्क्यांचे लसीकरण झाले तर पूर्ण रक्कम, ७० टक्क्यांना कमी, त्याखाली काही नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी ८० आणि ५० टक्के अशा दोन पायऱ्या होत्या. संगणकाच्या खर्चाचा काही भागही सरकार देऊ लागले. टक्केवारी काढायची तर छेद आणि अंश दोन्ही हवेत, आणि पाकिटांतून ते निघत नाहीत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर दहांतून फारतर एखाद्या दवाखान्यात दिसणारे यंत्र १९९६ पर्यंत दहांतून नऊहून अधिक दवाखान्यांत पोचले. रुग्णालयातील डॉक्टरांपुढे असा रोकडा हिशेब नव्हता, त्यामुळे तेथे यंत्र रेंगाळले. गंमत अशी की नियमानुसार कागदी नोंद ठेवण्याचे बंधन फॅमिली डॉक्टरांवर ऑक्टोबर २००० पर्यंत होतेच. दहा वर्षे अनेकांनी दोन्ही चालवले.

यादी काय सांगू शकते

फुकट यंत्रांच्या योजनेतून जमलेला माहितीचा साठा वाया गेला नाही. १९९४ साली तो सरकारच्या आरोग्य खात्याला देण्यात आला आणि संशोधनासाठी खुला झाला. त्याचे मोल काही वर्षांनी कळले.

१९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांवर आधारलेला एक लेख आला. गोवर, गालफुगी व रुबेला यांवरील एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असा संशय त्यातून पसरला. आईबाप घाबरले. इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण काही वर्षांत ८० टक्क्यांपर्यंत घसरले; गोवर रोखायला ते ९५ टक्के लागते. बारा मुलांना छेद नसतो. त्यांच्याशी तुलना कोणाशी करायची? २००४ साली संशोधकांनी फॅमिली डॉक्टरांच्या संगणकांतील नोंदी घेऊन स्वमग्नता किंवा तत्सम विकार असलेली १,२९४ मुले आणि त्यांच्या जोडीची, असा विकार नसलेली ४,४६९ मुले ताडून पाहिली. पहिल्या गटात निदानापूर्वी ही लस घेतल्याची नोंद ७८.१ टक्के मुलांची होती, दुसऱ्या गटात जोडीदाराच्या निदानाच्या वयापर्यंत ८२.१ टक्के मुलांची. लशीने विकार होत असता तर पहिला आकडा मोठा दिसायला हवा होता. १९९८ चा तो लेख २०१० साली ‘लॅन्सेट’ने मागे घेतला.

यादीने न सांगितलेली गोष्टही येथे नोंदवायला हवी. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील हॅरल्ड शिपमन या डॉक्टरला जानेवारी २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. २००२ च्या चौकशी अहवालानुसार बळींची संख्या २१५ होती. मृत्यू नैसर्गिक वाटावा म्हणून त्याने संगणकात मागच्या तारखा घालून खोट्या नोंदी केल्या होत्या. पण नोंद केव्हा टाकली गेली, ती खरी वेळ यंत्र गुपचूप टिपून ठेवत होते. जुन्या तारखेचे ‘छातीत दुखणे’ प्रत्यक्षात मृत्यूच्या दिवशीच लिहिलेले निघाले, आणि हा न्यायालयात पुरावा ठरला. यंत्राने खोटे पकडले, पण माणसे गेल्यावर. कोणत्या डॉक्टरच्या यादीतील किती माणसे मरण पावतात हे कोणी नियमाने मोजतच नव्हते. तशी मोजणी झाली असती तर पुष्कळ आधी संशय आला असता, असे संख्याशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले.

पडद्याआड काय राहते

मग संगणकाने सारे भलेच केले काय? २००४ साली ब्रिटनमधील डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग १४६ निकषांशी जोडला गेला आणि त्यांची मोजदाद संगणकातील नोंदींवरून होऊ लागली. रक्तदाब, साखर यांच्या नोंदी सुधारल्या. पण रडत आलेल्या म्हातारीचे ऐकून घेण्याला संकेत नव्हता आणि गुणही नव्हते. रुग्ण बोलत असताना डॉक्टरांची नजर पडद्याकडे असते, ही तक्रार तेथे जुनी झाली आहे. गुणपत्रिकेत जे येते तेवढेच शिकवले जाते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. २०१३ साली इंग्लंडमध्ये सर्व दवाखान्यांतील माहिती एका ठिकाणी गोळा करण्याची योजना जाहीर झाली. माहिती कोणाला दिली जाणार, आपल्याला नकार देता येईल का, हे लोकांना पुरेसे सांगितलेच गेले नाही. विरोध वाढत गेला आणि जुलै २०१६ मध्ये योजना गुंडाळावी लागली. नाव वगळले तरी वय, गाव आणि दुर्मीळ आजार एवढ्यावरून माणूस ओळखू येऊ शकतो. रुग्णाने डॉक्टरला सांगितलेली गोष्ट त्या खोलीतच राहील, हा भरवसा गेला तर रुग्ण खरे सांगणार नाही, आणि मग नोंदींनाच अर्थ उरणार नाही.

आपल्याकडील खासगी डॉक्टरांकडेही आता संगणक दिसतात. केसपेपर, बिल, पुढच्या भेटीची वेळ ही कामे त्यांवर होतात. रीड यांच्या संकेतावलीतून व एका अमेरिकन संकेतावलीतून पुढे ‘स्नोमेड सीटी’ ही आंतरराष्ट्रीय संकेतावली तयार झाली. भारत २०१४ पासून तिचा सदस्य आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. मात्र एक फरक आपण विसरू नये. आपल्या खासगी डॉक्टरकडे नोंदलेल्या माणसांची यादी नसते. आज या डॉक्टरकडे, उद्या त्या, आणि एक्स-रे व रिपोर्ट रुग्णाच्या पिशवीत. त्यामुळे उत्तम संगणक असूनही ‘माझ्यापैकी कोण राहिले’ हा प्रश्न डॉक्टरला विचारता येत नाही. ‘माझे’ कोण, हेच ठरलेले नसते. आपल्याकडे ही यादी असते ती आशाताई आणि अंगणवाडीताईंकडे, त्यांच्या रजिस्टरात.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवून थांबतो. जुन्या लग्नपत्रिकांची सारख्या आकाराची कार्डे कापावीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या नावाशिवाय एक कार्ड करावे. भोकांना अर्थ मुलांनीच द्यावेत: चष्मा आहे, सायकलने येतो, घरी धाकटे भावंड आहे. सुई घालून उत्तरे काढावीत. मग तीन-चार भोके एकापाठोपाठ वापरून, नाव नसतानाही एखादे कार्ड कोणाचे हे ओळखता येते का, तेही पाहावे. बहुधा येते. त्यानंतर कोणती माहिती भोकासाठी द्यावी आणि कोणती देऊ नये, यावर मुलांना बोलू द्यावे.